बांधकामावरचा धोका कामगाराच्या नजरेतून नेमका कुठे निसटतो? मेंदूच्या मोजमापातून अभ्यास करण्याची पद्धत

पायव्यासाठी खोदलेल्या सहा फूट खोल चरीच्या काठावर उकरलेल्या काळ्या मातीचा ढीग पडलेला आहे, काठाला समांतर बोटभर रुंद भेग गेलेली आहे आणि खाली दोन माणसे सळई बांधत बसली आहेत. असे छायाचित्र कामगारापुढे ठेवून ‘इथे धोका आहे का?’ असे विचारले आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर त्या ‘नाही’मागे तीन वेगळी कारणे असू शकतात. त्याची नजर भेगेवर गेलीच नसेल; नजर गेली असेल, पण भेग म्हणजे काठ सुटण्याची खूण हे मनात उमटले नसेल; किंवा सगळे कळले असेल, पण उक्त्या कामात एवढे चालायचेच म्हणून त्याने ते बाजूला सारले असेल. प्रश्नावलीत ही तिन्ही उत्तरे सारखीच दिसतात, उपाय मात्र निराळे आहेत. पहिल्याला कुठे पाहायचे ते दाखवावे लागेल, दुसऱ्याला काळी माती पाण्याने कशी फुगते आणि वाळल्यावर कशी फाटते हे समजावावे लागेल, आणि तिसऱ्याला प्रशिक्षणाची गरजच नाही. त्याला काठ रोखून धरायला फळ्या व टेकू आणि ते लावण्यापुरता वेळ मिळायला हवा.

मेंदूतील हालचालींचे मोजमाप करण्याचा खटाटोप ही तीन कारणे वेगळी करण्यासाठीच करावा. तसा हेतू नसेल तर यंत्रावर खर्च करू नये, साधी मुलाखत पुरते. विदर्भातील गावांत चालणाऱ्या घरकुलांच्या, शाळाखोल्यांच्या, सिंचन विहिरींच्या आणि पुलांच्या कामांवर असा अभ्यास करू इच्छिणाऱ्या अभियांत्रिकी, मानसशास्त्र व जनआरोग्य या शाखांतील विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी पुढील पद्धत मांडली आहे.

यंत्राची निवड

गावात नेता येतील अशी दोन साधने आहेत. पहिले ईईजी. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तेच तत्त्व आजही आहे. डोक्याच्या त्वचेवर लावलेले इलेक्ट्रोड (विद्युत संकेत टिपणाऱ्या लहान चकत्या) काही मायक्रोव्होल्टचे फरक टिपतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ सांगतात, परंतु हालचाल मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात झाली हे त्यांवरून ढोबळच कळते.

दुसरे एफएनआयआरएस. यात साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून आत सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनमधील बदल काढतात. या पद्धतीचा पाया १९७७ मध्ये फ्रान्स योबसिस यांनी घातला. प्रकाश सोडणारा व टिपणारा बिंदू यांत सुमारे ३ सेंटिमीटर अंतर ठेवतात, त्यामुळे मेंदूचा फक्त पृष्ठभागाजवळचा थर मोजला जातो, आणि रक्तप्रवाहातला बदल शिगेला पोहोचायला ५ ते ६ सेकंद लागतात. म्हणजे ‘दिसले केव्हा, उमगले केव्हा’ हा प्रश्न याला विचारून उपयोग नाही; ‘निर्णय घेताना कपाळामागचा भाग किती राबला’ हा प्रश्न विचारता येतो.

वर मांडलेल्या तीन कारणांची फोड वेळेवर अवलंबून असल्यामुळे माझा कौल ईईजीला आहे, आणि त्याच्या जोडीला नजर टिपणारे यंत्र हवेच हवे. नजर कुठे पडली हे माहीत नसताना केवळ लहरींवरून ‘पाहिलेच नाही’ आणि ‘पाहूनही उमगले नाही’ हे वेगळे करता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या चार-पाच इलेक्ट्रोडच्या पट्ट्या स्वस्त आहेत, पण त्यांतील बहुतेक संपर्क कपाळावर आणि कानामागे असतात, आणि आपल्याला हवा असलेला संकेत डोक्याच्या मागच्या-मधल्या भागावर सर्वांत ठळक असतो. किमान १६, शक्यतो ३२ इलेक्ट्रोडची टोपी घ्यावी.

छायाचित्रे: सर्वाधिक वेळ इथे द्यावा

परदेशी प्रशिक्षणातील उंच इमारतींची, क्रेनची आणि पोलादी परांचीची चित्रे गावातल्या मिस्त्रीला दाखवली तर त्याच्या मेंदूची प्रतिक्रिया धोक्याला नसून अनोळखीपणाला असेल. अनपेक्षित गोष्टीला मेंदू तसाही वेगळा प्रतिसाद देतो, त्यामुळे निष्कर्ष मुळातच बिघडतो. म्हणून चित्रे आसपासच्या कामांवरचीच काढावीत: काथ्याने बांधलेल्या बल्ल्यांची परांची आणि तिच्यावरची सुटी फळी, कठडा नसलेली स्लॅबची कड, छपरावरून गेलेली विजेची उघडी तार, प्लग न लावता थेट सॉकेटमध्ये खोचलेल्या वायरी, टोपी न घातलेल्या उभ्या सळया, खोदत असलेल्या विहिरीच्या काठाला लागून उभा केलेला यारी मशीनचा पाया, आणि वेळेआधी काढलेले सेंटरिंग.

प्रत्येक धोकादायक चित्राला त्याच जागेचे सुरक्षित जोडचित्र हवे, ही अट सोडू नये. कॅमेरा तिपाईवर एकाच जागी ठेवून आधी कठडा नसलेली कड टिपावी आणि कठडा लावल्यावर, शक्यतो त्याच उजेडात, पुन्हा टिपावी. चरीच्या बाबतीत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांचा आधार घेता येतो: उकरलेली माती चरीच्या काठापासून १.५ मीटर किंवा चरीच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या अंतरावर टाकायची असते. म्हणून जोडचित्रात ढीग मागे सारलेला आणि काठाला आधार दिलेला दिसावा. अशा जोड्या नसतील तर एका गटातील चित्रे अधिक उजळ, अधिक गर्दीची किंवा अधिक माणसांची निघतात आणि मेंदूने धोक्याला प्रतिसाद दिला की गर्दीला, हे कुणालाही सांगता येत नाही. जोड्या जमल्यावर संगणकावर त्यांची सरासरी चमक सारखी करून घ्यावी.

चित्रासाठी धोका निर्माण करू नये, आणि चित्र काढताना खरा धोका दिसला तर कॅमेरा खाली ठेवून आधी खालच्या माणसांना वर बोलवावे व मिस्त्रीला सांगावे. छायाचित्र हातचे गेले तरी चालेल.

जमवलेली चित्रे एक स्थापत्य अभियंता, एक जुना मिस्त्री आणि एक सुरक्षा अधिकारी यांना स्वतंत्रपणे पाहायला द्यावीत. तिघांचे एकमत झालेली चित्रेच मुख्य चाचणीत घ्यावीत. जिथे अभियंत्याने धोका म्हटले आणि मिस्त्रीने नाही म्हटले, ती चित्रे फेकू नयेत. ती वेगळ्या गठ्ठ्यात ठेवून नंतरच्या मुलाखतीत वापरावीत, कारण जाणतेपण कुठे संपते आणि सवय कुठे सुरू होते हे त्याच चित्रांवरील बोलण्यातून कळते. शेवटी ठळक धोका आणि सहज न दिसणारा धोका या दोन प्रकारांत प्रत्येकी सुमारे ४० चित्रे आणि त्या सर्वांची सुरक्षित जोडचित्रे राहिली तर चाचणी नीट होते.

परवानगी, संमती आणि ठेकेदार

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी कामाला सुरुवात करण्याआधी घ्यावी लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवणे, निःपक्ष साक्षीदार हजर असणे आणि अंगठा घेणे आवश्यक आहे. हा साक्षीदार ठेकेदाराचा माणूस असू नये. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंड किंवा छत्तीसगडहून आलेल्या मजुरांसाठी माहिती त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून ऐकवावी.

ठेकेदाराशी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावे की कुणाची वैयक्तिक नोंद त्याला मिळणार नाही. ‘कोणाचं डोकं चालते आणि कोणाचं नाही, ते सांगा’ अशी मागणी होते, आणि ती मान्य केली तर हा अभ्यास मजूर काढून टाकण्याचे हत्यार बनेल. नाव व नोंद यांची सांगड घालणारी यादी कुलुपात ठेवावी आणि काम संपल्यावर नष्ट करावी. सहभागासाठी त्या दिवसाची पूर्ण रोजी द्यावी. आमिष वाटेल इतकी मोठी रक्कम देऊ नये, आणि अर्धा दिवस बुडाला म्हणून अर्धीच रोजीही देऊ नये.

कोणाला घ्यावे

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. हीच अट सहभागासाठी वापरणे सोयीचे आहे, परंतु केवळ नोंदणी झालेल्यांच्या यादीतून निवड केली तर रोज ठिय्यावरून (मजूर कामासाठी जमतात त्या नाक्यावरून) येणारे आणि विशेषतः घमेली वाहणाऱ्या रेजा सुटून जातात. गवंडी, सेंटरिंगवाले, मजूर आणि रेजा यांचे गट निवडतानाच ठरवावेत, कारण परांचीवर उभा राहणारा आणि खालून माल देणारी यांना एकच जागा दोन बाजूंनी दिसते.

मिरगी, डोक्याला झालेली मोठी इजा, मेंदूवर परिणाम करणारी औषधे आणि चष्म्याविना धूसर दिसणे यांची विचारपूस करावी. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे आणि रक्तक्षयही सर्रास आढळतो. एफएनआयआरएस हिमोग्लोबिनवरच चालत असल्याने या बाबी संकेताच्या आकारावर परिणाम करू शकतात. तरी अशा व्यक्तींना वगळू नये. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना न करता त्याच माणसाच्या दोन प्रकारच्या चित्रांवरील प्रतिसादांची तुलना करावी.

खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा, प्रश्न इथे टाळता येत नाही. चघळताना जबड्याच्या स्नायूंचे विद्युत संकेत मेंदूच्या लहरींवर स्वार होतात आणि तंबाखूतील निकोटिनने जागरूकतेची पातळी बदलते. चाचणी चालू असताना तोंड रिकामे असावे, परंतु सकाळपासून खर्रा सोडायला लावू नये, कारण तलफ आलेल्या माणसाचे लक्षही विचलित असते. नेहमीप्रमाणे खाऊ द्यावा, शेवटचा खर्रा व शेवटचा चहा कधी झाला याची वेळ नोंदवावी आणि त्यानंतर सर्वांसाठी सारखाच खंड ठेवावा.

हंगाम, खोली, वीज

ऑक्टोबरपासून कापसाच्या वेचणीत मजूर, त्यातही बाया, गुंतलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. घामामुळे इलेक्ट्रोडखालचा संपर्क बदलत राहतो आणि संकेतात संथ, मोठी चढउतार शिरते. बांधकामे चालू असतात आणि हवाही थंड असते असा काळ जानेवारी-फेब्रुवारीचा. तो गाठावा, आणि चाचणी सकाळी, अंगमेहनत सुरू होण्याआधी घ्यावी. थकव्याचाच परिणाम पाहायचा असेल तर त्याच माणसाची दुसरी चाचणी दुपारनंतर वेगळ्या चित्रांवर घ्यावी.

समाजमंदिर किंवा सुटीच्या दिवशी शाळेची खोली पुरेशी असते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि तिची घरघर प्रत्येक वायरीतून टोपीत उतरते. म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, कूलर बंद ठेवावा, शेजारी पाण्याची मोटर चालू नाही याची खात्री करावी आणि सहभागी व्यक्तीला भिंतीतील वायरिंगपासून दूर बसवावे. वीज गेली तर अडचण नाही, पण अंधारलेल्या खोलीत पडद्याची चमक अधिक वाटते. म्हणून सुरुवातीपासूनच खिडक्या झाकून उजेड सारखा राखावा.

टोपी बसवणे

तेल लावलेल्या केसांतून संपर्क नीट होत नाही. आदल्या दिवशी भेटून शाम्पूची पुडी द्यावी आणि सकाळी तेल न लावता यायला सांगावे. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मोजून मध्यबिंदू काढावा; इलेक्ट्रोडच्या जागा ठरवण्याच्या १०-२० पद्धतीतील सगळ्या जागा त्यावरूनच ठरतात. प्रत्येक इलेक्ट्रोडखालचे केस बाजूला करून जेल भरावे आणि रोध (विद्युत अडथळा) १० किलोओहमच्या खाली येईपर्यंत हलक्या हाताने जागा घासावी. मिठाच्या पाण्याच्या स्पंजवरील टोप्या लवकर बसतात, पण कोरड्या हवेत लवकर वाळतातही. त्या वापरल्या तर मध्यंतरात पुन्हा ओल्या कराव्यात.

बायांच्या बाबतीत टोपी बसवणारी व्यक्ती बाईच असावी आणि खोलीत गावातील ओळखीची एखादी ताई असावी. अंबाडा सोडून सैल वेणी घालावी लागते, डोक्यावरचा पदर काढावा लागतो. हे आदल्या दिवशीच सांगून, टोपी हातात देऊन दाखवावे. एफएनआयआरएस वापरत असाल तर कपाळावरचे कुंकू आणि गोंदण प्रकाश शोषून घेतात. सवाष्ण बाईला कुंकू पुसायला सांगू नये. पट्टी थोडी वर सरकवावी किंवा त्या जागेवरचा बिंदू गाळावा. गोंदण असलेल्या वयस्क बायांच्या नोंदीत अशी गाळलेली जागा आधीच धरून चालावे. चाचणीनंतर केस धुण्यासाठी गरम पाणी, टॉवेल आणि आडोसा ही व्यवस्था संशोधकाने करावी. जेल चिकटलेले डोके घेऊन कुणालाही उन्हात कामावर पाठवू नये.

चाचणी

प्रथम डोळे उघडे ठेवून दोन मिनिटे आणि मिटून दोन मिनिटे नोंद घ्यावी. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी सहसा वाढतात. त्या वाढलेल्या दिसल्या नाहीत तर आधी टोपीचे संपर्क पुन्हा तपासावेत. काही थोड्या लोकांत त्या मुळातच क्षीण असतात.

पडद्यावर आधी मध्यभागी एक खूण दाखवावी, तिचा काळ अर्धा ते एक सेकंद असा बदलता ठेवावा, मग चित्र तीन सेकंद दाखवावे आणि चित्र गेल्यानंतर उत्तराची खूण द्यावी. उत्तर आधीच घेतले तर बोट हलवण्याच्या तयारीचे संकेत ओळखण्याच्या संकेतांत मिसळतात. उत्तरासाठी दोन मोठी बटणे पुरेशी आहेत, आणि निम्म्या लोकांसाठी त्यांची बाजू उलटी करावी. सूचना बोलीतच द्यावी: ‘फोटो पाहा, इथं कोणाले लागू शकते असं वाटलं त हे बटण दाबा.’ परीक्षा घेत नाही आहोत, चुकीचे उत्तर असे काही नाही, हे दोनदा सांगावे. सरावासाठी दहा वेगळी चित्रे द्यावीत आणि दर ४० चित्रांनंतर विश्रांती द्यावी.

डोळे चित्रावर मोकळे फिरू द्यावेत, मात्र नजरयंत्र आणि ईईजी यांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावीत. मग विश्लेषणात वेळ मोजायची ती चित्र दिसल्यापासून नव्हे, तर नजर प्रथम भेगेवर किंवा उघड्या तारेवर पडल्या क्षणापासून. जोडचित्रात त्याच जागेवर नजर पडल्याचा क्षण तुलनेला मिळतो. सगळी रचना या एका जुळणीवर उभी आहे, म्हणून गावात जाण्याआधी प्रयोगशाळेत ती पुन्हा पुन्हा तपासावी.

चाचणी आटोपल्यावर, टोपी काढून चहा झाला की, चुकलेली आणि वादाची चित्रे कागदावर दाखवून बोलावे: ‘असं दिसलं त तुम्ही काय करता, भाऊ?’ धोका कळूनही बाजूला सारण्याचे कारण मेंदूच्या लहरीत लिहिलेले नसते. ते इथेच ऐकायला मिळते.

नोंदी स्वच्छ करणे आणि वाचणे

ईईजीलॅब किंवा एमएनई-पायथन ही संगणकावरील मोफत साधने पुरतात. साधारण ०.१ ते ३० हर्ट्झची गाळणी लावावी, पापण्यांची उघडझाप व डोळ्यांची हालचाल स्वतंत्र घटक विश्लेषणाने वेगळी काढावी, नजर पडण्याच्या २०० मिलिसेकंद आधीपासून ८०० मिलिसेकंद नंतरपर्यंतचे तुकडे करावेत आणि १०० मायक्रोव्होल्टहून अधिक उसळलेले तुकडे टाकून द्यावेत. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी घेते तेव्हा लागोपाठचे संकेत एकमेकांवर चढतात. त्यांची उकल करणारी प्रतिगमन पद्धत वापरणे इथे ऐच्छिक नाही. प्रत्येक प्रकारात एका व्यक्तीचे किमान ३० स्वच्छ तुकडे उरले नाहीत तर ती व्यक्ती त्या विश्लेषणातून बाजूला ठेवावी आणि तसे अहवालात लिहावे.

पाहायचे ते दोन संकेत. सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर डोक्याच्या मागच्या-मधल्या भागावर उमटणारी धन (पॉझिटिव्ह) लहर, जिचे वर्णन सॅम्युएल सटन व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये केले, आणि तिच्यामागून येणारी अधिक रेंगाळणारी धन लहर. महत्त्वाची म्हणून मनाने दखल घेतलेल्या गोष्टीला या लहरी सहसा मोठ्या येतात. दुसरा, डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागावरील ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरींतील वाढ, जी मनातल्या रस्सीखेचीत व प्रयत्नपूर्वक विचारात दिसते.

आता सुरुवातीची तीन कारणे घ्यावीत. नजर भेगेवर गेलीच नाही तर नजरयंत्रच सांगते. नजर गेली, पण ‘नाही’ म्हटलेल्या चित्रांवरील धन लहर जोडचित्राइतकीच राहिली, तर दखल घेतली गेली नसावी. लहर वाढली, कदाचित थीटाही वाढला, आणि तरीही उत्तर ‘नाही’ आले, तर कळूनही सोडून दिल्याची शक्यता बळावते. ‘नसावी’ आणि ‘शक्यता’ हे शब्द अहवालातही तसेच राहू द्यावेत. एक लहर अनेक कारणांनी वाढते, आणि हा निष्कर्ष अनेक माणसांच्या सरासरीवर उभा असतो. त्यावरून अमुक मिस्त्री बेफिकीर आहे असे कधीही म्हणता येत नाही. सांख्यिकी प्रारूपात व्यक्ती आणि चित्र हे दोन्ही यादृच्छिक (रँडम) घटक धरावेत, नाहीतर चार विलक्षण चित्रांनी आलेला फरक सगळ्या धोक्यांचा फरक म्हणून छापला जातो. कोणता काळ व कोणते इलेक्ट्रोड पाहणार हे नोंदी उघडण्याआधीच लिहून ठेवावे. उत्तरांतील बरोबर ओळख आणि उगाच दिलेला इशारा वेगवेगळे मोजावेत, कारण प्रत्येक चित्राला ‘धोका’ म्हणणारा माणूस सावध असतोच असे नाही.

कामावर परत

निकाल गावात सांगताना आलेख नेऊ नयेत, चित्रे न्यावीत. बहुतेकांची नजर छपरावरच्या तारेकडे गेलीच नाही असे आढळले, तर स्लॅब टाकण्याआधी मान वर करून पाहण्याची फेरी ठरवता येते. चरीची भेग पाहूनही उमगत नसेल, तर जुन्या मिस्त्रीला सोबत घेऊन खऱ्या चरीच्या काठावर, खाली कुणी नसताना, माती कशी सुटते ते दाखवता येते. आणि कळूनही सोडले जात असेल, तर बैठक मजुरांची न घेता ठेकेदार, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी आणि शाखा अभियंता यांची घ्यावी, आणि फळ्या, टेकू व कठड्याचा खर्च अंदाजपत्रकात कुठे धरला आहे हे विचारावे. तीन महिन्यांनी त्याच लोकांची नव्या चित्रांवर पुन्हा चाचणी घ्यावी, आणि त्याच फेरीत चालू कामांवर जाऊन किती चरींना आधार लागला, किती कडांना कठडे आले आणि किती सळयांवर टोप्या बसल्या, हे मोजून आणावे.